छोटी सेडान की मोठी? टेस्ट ड्राइव्ह झाल्यानंतरचा गृहपाठ

माझ्या धाकट्या मावसभावाला पहिली गाडी घ्यायची होती. सेडानच हवी, हे त्याचं पक्कं. 'आता सेडान कोण घेतं, एसयूव्ही घे' असं ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी सांगूनही तो हलला नाही, याचं मला कौतुकच वाटलं. पण छोटी घ्यायची की मोठी, इथे घोडं अडलं. दोन शनिवार शोरूम पालथी घातली, चार गाड्या चालवल्या, आणि दुसऱ्या शनिवारी रात्री तो म्हणाला, "दादा, चालवायच्या आधी मला जास्त कळत होतं."

बहुतेकांचं असंच होतं. टेस्ट ड्राइव्हमध्ये मोठी सेडान नेहमीच जिंकते. दार लागतानाचा आवाज भरीव, सीट ऐसपैस, मोकळ्या रस्त्यावर जरा ॲक्सिलरेटर दाबला की गाडी सुळकन पुढे. तिथून उतरून छोटीत बसलं की आपण काहीतरी कमी घेतोय असं वाटायला लागतं. छोटीचे गुण शोरूमच्या दहा मिनिटांत दिसत नाहीत. ते सोमवारी सकाळी पुण्याच्या सिंहगड रोडला, आणि रात्री सोसायटीच्या तळघरात दिसतात. म्हणून पहिल्या चक्करीवरून निर्णय घेऊ नका. मावसभावाबरोबर आम्ही जे केलं, आणि जे आधी करायला हवं होतं, ते पायरीपायरीने सांगतो. गाड्यांची उदाहरणं मापांपुरती देतोय. आमच्या अनुभवातल्या दोन गाड्यांना मी नुसतं 'छोटी' आणि 'मोठी' म्हणणार आहे.

पायरी पहिली: फरक नेमका कुठे आहे ते बघा

छोटी सेडान म्हणजे डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर. मोठी, म्हणजे खरं तर मधली, सिटी, व्हर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया. (सियाझ २०२५ मध्ये बंद झाली.) या दोन गटांमधली भिंत सरकारी आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. मग कंपन्यांनी कात्री काढली. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून इंडिगो सीएस आणली. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ ची दुसरी पिढी ३९९५ वर आली. काही छोट्या सेडानची डिकी मागून कापल्यासारखी का दिसते, त्याचं हे कारण.

आज तो फरक जीएसटीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल गाड्यांना ४०. आधी उपकर धरून हेच आकडे २९ आणि, १५०० सीसीपर्यंतच्या मधल्या सेडानला, ४५ होते. म्हणजे स्वस्त दोन्ही झाल्या, पण दोघींमधलं अंतर १६ टक्क्यांवरून २२ वर गेलं. इंजिन छोटं असून भागत नाही. व्हर्टसचं एक लिटरचं इंजिन ९९९ सीसी, डिझायरच्या ११९७ पेक्षा लहान. पण लांबी ४५६१ मिलिमीटर, म्हणून कर ४० टक्के.

आता मापं शेजारी ठेवून बघा. लांबी: डिझायर ३९९५, व्हर्टस ४५६१. जवळजवळ दोन फुटांचा फरक. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर: २४५० आणि २६५१. आठ इंच. रुंदी मात्र १७३५ आणि १७५२. सतरा मिलिमीटर, एका बोटाची जाडी!

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. 'मागे तीन माणसं आरामात बसतील' म्हणून मोठी सेडान घ्यायला निघालेले कितीतरी जण मी पाहिलेत. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं दोन्हींत दाटीवाटीनेच बसतात, आणि मधल्याच्या पायाशी असलेला उंचवटा मोठ्या गाडीत कधीकधी जास्तच असतो. मोठीत वाढते ती गुडघ्यांपुढची जागा आणि डिकी. जास्तीच्या पैशांत खांद्यांना जवळपास काही मिळत नाही.

पायरी दुसरी: टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

आम्ही हे शेवटी केलं. तुम्ही पहिल्यांदा करा.

मावसभावाच्या सोसायटीत त्याच्या नावाची जागा पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली आहे. मोजली तर साडेचार मीटर लांब. मागे भिंत, एका बाजूला खांब. ४५६१ ची गाडी मागच्या भिंतीला अगदी चिकटवली तरी नाक पट्टीबाहेर दोन-अडीच इंच येणार. आणि भिंतीला चिकटवून रोज कोण लावतो? एक फूट सोडाल, म्हणजे समोरून वळणाऱ्याच्या वाटेत बंपर. वॉचमनकाकांना विचारलं तर ते थंडपणे म्हणाले, "लावतात की साहेब, पण मग समोरचे रोज भांडतात."

लांबी मोजाल तेव्हा तीन गोष्टी आणखी बघा. खांब चालकाच्या दाराशी येतो का. येत असेल तर रोज पोट आत घेऊन उतरायची तयारी ठेवा. डिकी उघडताना मागे उभं राहायला जागा उरते का. आणि रॅम्पवरून खाली येताना वळण एका दमात बसतं का. डिझायरची वळण-त्रिज्या ४.८ मीटर, सिटीची ५.३, पूर्ण यू-टर्नला हाच फरक दुप्पट, म्हणजे एक मीटर होतो. स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणारं यंत्र, असेल तर यंत्रावर लांबी आणि वजनाची पाटी असते, तिचा फोटो काढून ठेवा.

बंगल्यात राहणाऱ्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. पेठांत राहणाऱ्यांना मी काय सांगणार, त्यांना हे सगळं जन्मजात ठाऊक असतं.

पायरी तिसरी: दुसरी टेस्ट ड्राइव्ह, पण तुमच्या अटींवर

पहिल्या खेपेला शोरूमवाले नेतील तिकडे जा, हरकत नाही. आम्हाला एका ठिकाणी बायपासच्या सर्व्हिस रोडवर तीन किलोमीटर सरळ नेऊन आणलं. एक स्पीडब्रेकर होता, तोही सेल्समननी "सर, जरा हळू" म्हणून सांभाळून ओलांडायला लावला. परत आल्यावर कळलं की आम्ही चालवली ती सगळ्यात वरची टर्बो ऑटोमॅटिक, आणि कोटेशन बनत होतं ते खालच्या मॅन्युअलचं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. एवढा वेळ आम्ही तिसऱ्याच गाडीचं कौतुक करत होतो.

म्हणून दुसरी वेळ ठरवताना फोनवरच सांगा: ज्या इंजिन-गिअरबॉक्सचं बुकिंग करणार तीच गाडी हवी, पाऊण तास हवा, चढ हवा, आणि बरोबर घरची तीन माणसं असतील. लायसन्स जवळ ठेवा. दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा, आणि *आधी मोठी, मग छोटी* असा क्रम ठेवा. उलटा ठेवलात तर मोठीची झिंग घेऊन घरी जाल. छोटी शेवटी चालवल्यावर तिची सवय दहा मिनिटांत होते की खटकतच राहते, ते नीट कळतं.

आम्ही कात्रजच्या जुन्या घाटाचा रस्ता धरला. गाडीत चौघं: मावसभाऊ, मी, मावशी आणि काका. एसी दोनवर. काय बघायचं ते सांगतो.

चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे एखादा टेम्पो असताना गाडी काय करते. छोट्या सेडानचं १.२ लिटरचं साधं इंजिन एकट्याला शहरात पुरून उरतं. नव्या डिझायरची ताकद ८२ पीएस, अमेझची ९०. पण चौघं, सामान आणि एसी घेऊन चढाला लागली की ती दमते. गिअर खाली टाकावा लागतो, इंजिनाचा आवाज केबिनमध्ये येतो. मोठीतलं एक लिटरचं टर्बो ११५ पीएसचं असतं आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, देतं, तर डिझायरचा टॉर्क ११२ च्या आसपास. घाटात जाणवतो तो हा टॉर्क. सिटीचं दीड लिटरचं इंजिन टर्बो नाही; १२१ पीएस आहे, पण ते पिळून घ्यावं लागतं. याउलट टर्बोला अगदी कमी वेगात, सिग्नल सुटताना, क्षणभर झोप लागल्यासारखं होतं. हाफ क्लचवर रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते त्रास देतं का, हे मुद्दाम बघा.

मग चढावरच गाडी थांबवा आणि पुन्हा उचला. नवशिक्यांसाठी माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. हँडब्रेक न लावता, मागे रिक्षा उभी आहे असं समजून. हिल होल्ड असेल तर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवते. ऑटोमॅटिकमध्ये फरक आणखी मोठा आहे. डिझायर आणि ऑरामध्ये एएमटी मिळते, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. गिअर बदलताना मान हलकीच डुलते. स्वस्त आणि मायलेजला चांगली, पण घाटात जरा गोंधळते. अमेझ आणि सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक; गुळगुळीत, पण जोरात दाबलं की इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या एक लिटरला सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर, दीड लिटरला डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. कागदावर सगळ्यांपुढे 'ऑटोमॅटिक' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे छोटीची ऑटोमॅटिक आणि मोठीची ऑटोमॅटिक यांची नुसत्या किमतीवरून तुलना करू नका. छोट्या गटातली सीव्हीटी चालवल्यावर मावसभावाचं मोठीचं अर्धं वेड तिथेच उतरलं. त्याला मुळात सुटका डाव्या पायाच्या दुखण्यापासून हवी होती, आणि ती छोटीतही मिळत होती.

स्पीडब्रेकर. आपल्याकडच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरला ना माप ना ताळ. चारही सीट भरून, त्यातल्या सगळ्यात उर्मट स्पीडब्रेकरवरून दोन्ही गाड्या न्या. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३, सिटीचा १६५, अमेझचा १७२, व्हर्टसचा १७९ मिलिमीटर. हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. शिवाय दोन चाकांमधलं अंतर जास्त असलं की पोट खाली राहतं, म्हणजे लांब गाडीला तेवढ्याच उंचीत घासायची भीती जास्त. आमची मोठी एका ठिकाणी 'खर्रर्र' झाली. सेल्समन म्हणाला, "काही होत नाही सर." त्याच्या गाडीला होत नसेल.

पण ८० च्या पुढे, हायवेवर, मोठी खरंच वेगळी आहे, आणि हे कबूल न करणं लबाडी होईल. नवले पुलाच्या बाजूच्या उतारावर शेजारून कंटेनर गेला तेव्हा छोटी किंचित हलली. मोठी बसून होती. आवाज कमी, खड्ड्याचा दणका एकदाच, हेलकावा नाही. महिन्यातून चार वेळा सातारा-कोल्हापूर करणाऱ्याला ही चैन वाटणार नाही. पाठ त्याची आहे.

एक खेप अंधार पडल्यावर मारता आली तर हेडलाइट कळतात. आणि घरी पोचायच्या आधी, गाडीतून उतरल्या उतरल्या, मोबाईलमध्ये चार वाक्यं बोलून ठेवा. दुसऱ्या गाडीत बसल्यावर पहिलीचं सगळं विसरायला होतं.

पायरी चौथी: उभ्या गाडीत अर्धा तास

या अर्ध्या तासाला सेल्समन कंटाळतो. कंटाळू दे.

चालकाची सीट स्वतःच्या उंचीप्रमाणे लावा. मग उतरून तिच्याच मागे बसा. शोरूममध्ये पुढची सीट बहुतेक वेळा पार पुढे सरकवलेली असते आणि मागे मैदान दिसतं. मावसभाऊ सहा फुटाला थोडा कमी, काकाही त्याच चणीचे. त्याच्या मागे काका बसले तेव्हा छोटीत त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकले. मोठीत चार बोटं जागा राहिली. इथे मोठीने सरळ गुण घेतले.

मावशीची तक्रार मात्र दोन्हींत सारखीच. गुडघे दुखतात, सेडान खाली बसते. छोटीतून उतरताना म्हणाली, "अरे, ही सीट आहे का पाट? पाटावरून उठल्यासारखं वाटतंय." मोठीतून उतरली: "हा शिसवी पाट." उतरत्या छतामुळे डोकं आपटतं का, दार किती रुंद उघडतं, पाय बाहेर टाकताना खालची पट्टी आड येते का, हे ज्येष्ठांना तीन-तीनदा बसवून-उतरवून बघा. एकदा बसले की सगळ्यांना 'छान आहे' वाटतं. आणि घरात दोन-तीन जणांचे गुडघे गेलेले असतील तर सेडानचाच पुन्हा विचार करा. एसयूव्हीवाल्या सहकाऱ्यांचं तेवढं म्हणणं खरं आहे.

डिकीचे लिटर वाचू नका, आपल्या बॅगा न्या. खरंच न्या. कागदावर डिझायर ३८२ लिटर, ऑरा ४०२, अमेझ ४१६, टिगोर ४१९. मोठ्यांत सिटी ५०६, व्हर्टस आणि स्लाव्हिया ५२१, व्हर्ना ५२८. पण डिकीचं तोंड अरुंद असेल तर मोठी बॅग आत जातानाच अडकते, आणि काही गाड्यांत झाकणाच्या बिजागऱ्या आत उतरून सामानावर बसतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी येतानाचा हिशोब करावा: तांदळाचं पोतं, नारळ, आणि मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या. सीएनजी घेणार असाल तर टाकी डिकीत येते. टाटांनी टिगोरमध्ये एकाऐवजी दोन लहान टाक्या तळाशी घालून बरीच जागा वाचवली आहे. मोठ्यांतही एक अपवाद: सिटीच्या हायब्रिडची डिकी बॅटरीमुळे ३०६ लिटरवर येते, म्हणजे छोट्या सेडानपेक्षाही लहान.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. 'मोठी म्हणजे मजबूत' हे समीकरण आता चालत नाही. व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्नाला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, तसेच २०२४ मध्ये नव्या डिझायरलाही. जे मॉडेल घेताय त्याच पिढीचा निकाल बघा, नाव तेच असलं तरी गाडी बदललेली असते. मागच्या तिन्ही सीटना तीन-टोकी पट्टा आहे का, तो ओढून लावून बघा.

पायरी पाचवी: ऑन-रोडची बेरीज स्वतः करा

दोन्ही कोटेशन शेजारी ठेवा. समजा छोटी एक्स-शोरूम ९.५ लाख आणि मोठी १२.५ लाख. फरक तीन लाखांचा, असं आपण म्हणतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के. म्हणजे छोटीला १,०४,५०० आणि मोठीला १,५०,०००. शिवाय १० लाखांच्या वर गेलं की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, इथे १२,५००. तो विवरणपत्रात वळता होतो, पण आज खिशातून जातोच. फरक झाला ३ लाख ५८ हजार, विमा अजून धरलेला नाही.

त्यामुळे १० लाख ही वेस आहे. ९ लाख ९९ हजारांची गाडी आणि १० लाख १ हजाराची गाडी यांत दोन हजारांचा फरक दिसतो, पण कर आणि टीसीएस मिळून तो २२ हजारांवर जातो. छोटीचं सगळ्यात वरचं व्हेरिएंट या वेशीवर घुटमळत असेल तर एक पायरी खाली उतरून बघा. तसंही सनरूफ सेडानमध्ये पावसाळाभर बंद आणि उन्हाळाभर झाकलेलं असतं.

विम्यात एक गंमत आहे. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनावर ठरतो, किमतीवर नाही. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४०. म्हणजे ९९९ सीसीच्या मोठ्या टर्बो सेडानचा हा भाग ११९७ सीसीच्या छोटीपेक्षा कमी! पण आनंद तेवढ्यापुरताच, कारण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीच्या किमतीवर चढतो. शोरूमचा विमाच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. आम्ही त्याच कव्हरचा, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) धरून, बाहेरचा दर दाखवला तेव्हा शोरूमचा आकडा चहा येईपर्यंत साडेनऊ हजारांनी उतरला. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर कशाचे, हे विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

पायरी सहावी: पेट्रोल

कंपनीचं मायलेज हे लग्नाच्या स्थळाच्या वर्णनासारखं. डिझायर मॅन्युअल २४.७९, सिटी मॅन्युअल १७.८. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन्ही आकडे चांगलेच खाली येतात. मी हिशोबाला छोटीचे १६ आणि मोठीचे १२ धरतो. महिन्याला १००० किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये: छोटी साडेसहा हजार, मोठी ८,६५० च्या आसपास. वर्षाला साधारण २६ हजारांचा फरक, पाच वर्षांत सव्वा लाखाच्या वर. महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या. टायर, ब्रेक पॅड आणि सर्व्हिसिंग मोठीचं महाग असतं. शोरूममध्ये न विचारता सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जाऊन विचारा, तिथे खरं सांगतात.

पायरी सातवी: ठरवा

कागदावर दोन आकडे लिहा. आठवड्यात किती वेळा मागच्या सीटवर मोठी माणसं बसतात, आणि महिन्यात किती किलोमीटर हायवेवर जातात. मागची सीट आठवड्यातून दोनदा भरत असेल आणि हायवे महिन्याला पाच-सहाशेच्या वर असेल, तर पार्किंग बसतंय ना एवढं बघून मोठी घ्या. छोटीचं वरचं मॉडेल घेऊन मन मारू नका. दोन्ही आकडे कमी असतील तर छोटी, आणि वाचलेल्या पैशातून तिची चांगली ऑटोमॅटिक. एक आकडा जास्त आणि एक कमी असेल तर खरी पंचाईत. तेव्हा माझा कौल पार्किंगकडे असतो, कारण हायवेवर जाणं टाळता येतं, घरी येणं टाळता येत नाही.

तिसरा रस्ताही आहे: नव्या छोटीच्या पैशात तीन-चार वर्षांची, एका हातात वापरलेली मोठी. गाड्यांतलं कळणारा माणूस जवळ असेल तर उत्तम सौदा. पहिलीच गाडी असेल आणि तसं कोणी नसेल, तर नको.

'मोठीचं सगळ्यात खालचं की छोटीचं सगळ्यात वरचं' हा वाद घरोघरी होतो. मोठीचं खालचं घेतलंत तर चाकं, म्युझिक, मागचा कॅमेरा नंतर बाहेरून बसवता येतो. इंजिन आणि गुडघ्यापुढची जागा नंतर बसवता येत नाही. पण ऑटोमॅटिकही बसवता येत नाही, आणि ती मोठीच्या खालच्या मॉडेलला नसते. मावसभावाचा निर्णय इथेच फिरला. रोज सिंहगड रोड, महिन्यात दोनदा सातारा, खंबाटकी घाट चौघं घेऊन. पार्किंग साडेचार मीटर. राहिला प्रश्न काकांच्या गुडघ्यांचा. त्यावर दीड तास चर्चा झाल्यावर काका म्हणाले, "मी पुढे बसतो की. मला कुठे मागे झोपायचंय?" मावशी उंचीने लहान, ती मुलाच्या मागे. प्रश्न मिटला, छोटीच ठरली, ऑटोमॅटिक.

पायरी आठवी: बुकिंगच्या आधी आणि नंतर

बुकिंगची रक्कम देण्याआधी कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, रंग, गिअरबॉक्स, सूट आणि रद्द केल्यास किती परत, हे लिहून घ्या. तोंडी सूट डिलिव्हरीच्या दिवशी कोणाला आठवत नाही. गाडी आली की पासिंगच्या *आधी* यार्डात जाऊन बघा: उत्पादनाचा महिना आणि वर्ष, किलोमीटर, चारही टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार अंकी शिक्का, काचांवरची साल, रंगातला फरक, डिकीतलं स्टेपनी आणि जॅक. नंबर पडल्यावर गाडी तुमची. मग तक्रार करता येते, बदलून मिळत नाही. मावसभावाला दाखवलेल्या पहिल्या गाडीच्या मागच्या दरवाज्यावर नखाएवढा पोचा होता. "पॉलिशने जाईल" म्हणाले. आम्ही नाही म्हटलं, आठ दिवसांनी दुसरी आली.

डिलिव्हरीला मावशी घरून एक गादी घेऊन आली होती, स्वतः शिवलेली, दोन इंच जाड. फुलं, नारळ, पेढे सगळं होईपर्यंत तिने ती मागच्या सीटवर टाकून बसून पाहिलं, उतरून पाहिलं, आणि मुलाला म्हणाली, "चल आता. पाट उंच झाला."